चकतीवरची अक्षरं

कॅमेऱ्याच्या माथ्यावर एक दातेरी चकती असते. तिच्यावर एकीकडे हिरव्या रंगातलं ऑटो, त्याला लागून डोंगर, फूल, धावणारा माणूस, चांदणं अशी चित्रं, आणि दुसरीकडे नुसती कोरडी अक्षरं. निकॉन, सोनी आणि बाकी बहुतेकांकडे पी, ए, एस, एम. कॅननकडे पी, टीव्ही, एव्ही, एम. चित्रांच्या भागाला कॅनन ‘बेसिक झोन’ म्हणतं आणि अक्षरांच्या भागाला ‘क्रिएटिव्ह झोन’. या नावानं बराच घोळ घातलाय. हिरव्यावर राहणारा तो नवशिका, अक्षरांवर आलेला तो कलाकार आणि एमवर पोचलेला तो पंडित, अशी उतरंड डोक्यात बसते ती कायमची. मग लोक बारशाला एम लावून बसतात आणि पाळण्यात नाव सांगून होईपर्यंत आकडे जुळवत राहतात.

ती अक्षरं म्हणजे साधी कामाची वाटणी आहे. फोटो किती उजळ येणार हे तिघं मिळून ठरवतात: लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक म्हणजे अ‍ॅपर्चर केवढं उघडलं, शटर किती वेळ उघडं राहिलं आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची संवेदनशीलता, किती ठेवला. यातलं काय आपल्या हातात ठेवायचं आणि काय कॅमेऱ्याच्या हवाली करायचं, एवढंच चकती विचारते. उत्तर शोधताना ‘फोटो कसा हवाय’ इथून सुरुवात केली तर मन भरकटतं. ‘हा फोटो कशानं वाया जाईल’ असं विचारलं की अक्षर बहुतेक वेळा आपोआप सापडतं. मागची रांग धूसर झाली तर वाया जाणार असेल, तर अ‍ॅपर्चर आपल्याकडे. हात हलल्याचा फराटा आला तर वाया जाणार असेल, तर शटर आपल्याकडे. बाकीचं कॅमेऱ्यानं बघावं. त्यासाठीच त्याला पैसे मोजलेत.

कॅनन पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला टीव्ही या अक्षरांची हटकून शंका येते. ती ‘टाइम व्हॅल्यू’ची आद्याक्षरं आहेत, तशी एव्ही ही ‘अ‍ॅपर्चर व्हॅल्यू’ची. दोन्ही आली आहेत १९६०च्या सुमारास अमेरिकेत मांडलेल्या एपेक्स नावाच्या हिशेबातून. गुणाकार-भागाकार टाळून सगळं बेरजेवर आणायचं, ही त्यातली युक्ती. अ‍ॅपर्चरचा आकडा ‘एफ/’ लावून लिहितात, आकडा मोठा तितकं भोक लहान. एफ/१ला शून्य धरायचं आणि पुढे १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ या प्रत्येक पायरीला एक-एक वाढवायचा, म्हणजे एफ/५.६ला ५ आणि एफ/१६ला ८. शटरकडे एक सेकंदाला शून्य, १/२ला १, १/४ला २ असं करत १/१२५ला ७ आणि १/१०००ला १०. दोन्हींची बेरीज म्हणजे आयएसओ १००ला तेवढा उजेड लागणार. स्वच्छ उन्हाची किंमत १५. मग एफ/१६ आणि १/१२५ घ्या, किंवा एफ/५.६ आणि १/१०००. बेरीज १५च, फोटो सारखाच उजळ. ढगाळ दुपार साधारण १२ची, घरातल्या ट्यूबलाइटचा उजेड ५-६चा. आयएसओ दुप्पट केला की गरज एकानं उतरते. वाण्याच्या दुकानात चालते तसली तोंडी बेरीज आहे ही, आणि एकदा जिभेवर बसली की कुठला मोड कुठे दगा देईल हे चकती फिरवायच्या आधीच कळतं. पुढे ही बेरीज दोन-तीनदा लागणार आहे.

पहिल्यांदा यातलं कोणतं काम यंत्राला द्यावं यावर खुद्द कंपन्यांचं एकमत नव्हतं. १९७६च्या कॅनन एई-१मध्ये शटर आपण ठरवायचं आणि अ‍ॅपर्चर कॅमेरा ठरवायचा. पेंटॅक्सनं १९७१मध्येच नेमकी उलटी वाट धरली होती. दोन्ही सोयी एकाच एसएलआरमध्ये (लेन्समधूनच आरशावाटे बघायच्या कॅमेऱ्यात) पहिल्यांदा आल्या त्या १९७७च्या मिनोल्टा एक्सडीमध्ये, आणि पुढच्याच वर्षी कॅनन ए-१नं त्यांच्या जोडीला दोन्ही कामं स्वतःच करणारा प्रोग्रॅम मोड आणला. आजच्या चकतीवरची चारही अक्षरं तेव्हापासून साधारण तीच आहेत.

रोजच्या वापराला माझ्या मते ए (कॅननवर एव्ही), म्हणजे अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी. आपण अ‍ॅपर्चर द्यायचं, शटर कॅमेरा शोधतो. साखरपुड्याला दोन रांगांत उभ्या केलेल्या नातेवाइकांचा फोटो घ्या. एपीएस-सी या मधल्या आकाराच्या सेन्सरचा कॅमेरा, ५० मिलिमीटरची लेन्स, माणसं ४ मीटरवर. एफ/१.८ला फोकसमध्ये राहणारी पट्टी जेमतेम ४५ सेंटिमीटर जाडीची, आणि तीही फोकसच्या पुढे-मागे विभागलेली. पुढच्या रांगेतल्या आजींच्या डोळ्यांवर फोकस धरला तर मागे वीत-सव्वावीत उरते. मागची रांग दोन-अडीच फुटांवर असते. आजी लख्ख, जावई धूसर. तोच फोटो एफ/५.६ला घेतला तर पट्टी दीड मीटरची होते आणि दोन्ही रांगा मावतात. म्हणून घोळक्याला ५.६ किंवा ८, एकट्या माणसाला १.८ किंवा २.८. महागडी लेन्स घेतली म्हणून तिचं तोंड सदा उघडंच ठेवायचं असा काही नियम नाही, हे नव्यानं ५० मिमी १.८ घेतलेल्या प्रत्येकाला सांगावं लागतं.

या मोडचा दगा मात्र मुका आहे. अ‍ॅपर्चर आपण अडवून धरलं, उजेड उतरला, की कॅमेरा निमूटपणे शटर लांबवतो. १/२५०चं १/६०, १/६०चं १/१५. फोटो उजळ येतो, मागच्या तीन इंची पडद्यावर ठीक दिसतो, आणि घरी मोठ्या स्क्रीनवर उघडला की सगळे किंचित हललेले. ट्यूबलाइटच्या घरात एफ/५.६ आणि आयएसओ ४०० ठेवला तर हिशेब करून बघा: उजेड ६, आयएसओचे २ मिळवले की ८, त्यातून अ‍ॅपर्चरचे ५ गेले, उरले ३. शटर १/८. एवढ्या वेळात नमस्कार करून मान वर होते.

उपाय मेन्यूत असतो आणि तो एकदाच करावा लागतो. आयएसओ ऑटोवर टाकायचा, त्याची कमाल मर्यादा आपल्या कॅमेऱ्याच्या कुवतीप्रमाणे ३२०० किंवा ६४००, आणि ‘मिनिमम शटर स्पीड’ १/२५०. मग उजेड कमी झाला की आधी आयएसओ चढतो आणि शटर थांबतं. तिथे ऑटो असाही पर्याय असतो. तो लेन्सची लांबी बघून ठरवतो, म्हणजे ५० मिमीला साधारण १/५० किंवा १/६०. हाताची थरथर लपवायला तेवढं पुरतं. धावत्या पोराला पुरत नाही. स्टॅबिलायझरचंही तेच. तो आपला हात स्थिर करतो, समोरच्याचा नाही. आणि एक अट: आयएसओची मर्यादा संपली की कॅमेरा १/२५०ची मर्यादाही मोडतो आणि पुन्हा खाली उतरतो. त्यामुळे मर्यादा फार कंजुषीनं ठेवू नये. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.

फ्लॅश लावला की ए मोडमध्ये आणखी एक गंमत होते. कॅननचा एव्ही मूळच्या सेटिंगमध्ये असं धरून चालतो की पार्श्वभूमीही उजळ हवी आहे, आणि अंधारात शटर चांगलं लांब ठेवतो. फ्लॅशनं चेहरा गोठतो आणि त्याच्या कडेनं भुतासारखी सावली सरकते. मेन्यूत ‘फ्लॅश सिंक स्पीड इन एव्ही मोड’ शोधून १/२००-१/६० हा पर्याय निवडला की बाधा उतरते.

कास पठारावर ए मोडची खरी परीक्षा होते. सप्टेंबरात सीतेची आसवं फुलतात तेव्हा ते जांभळं फूल बोटाच्या पेराएवढंही नसतं. मॅक्रो लेन्सनं फूल सेन्सरवर मूळ आकाराइतकं उमटेल इतकं जवळ गेलं तर एपीएस-सी सेन्सरवर एफ/८ला फोकसची जाडी सुमारे ०.६ मिलिमीटर. पाकळीची कड स्पष्ट, तर देठ गेला. एफ/१६ला ती दुप्पट होते, सव्वा मिलिमीटर, पण इतक्या जवळून एफ/१६ प्रत्यक्षात एफ/३२सारखं वागतं आणि डिफ्रॅक्शननं, म्हणजे बारीक भोकातून जाताना उजेड पसरल्यानं, सगळाच फोटो मऊ पडतो. म्हणून ८ ते ११च्या पुढे जाण्यात अर्थ नाही. त्याऐवजी सेन्सर फुलाच्या मुख्य प्रतलाला समांतर धरावा. आहे ती जाडी वाया जात नाही. वर पठारावरचा वारा. देठ डोलत असतो, त्यामुळे इथे मिनिमम शटर १/२५०ही कमी पडतं, १/५०० बरं. ऑटोफोकस बंद करून, शरीर किंचित पुढे-मागे झुकवत, फूल स्पष्ट दिसलं की तीन-चार फोटो सलग घ्यायचे. आणि आखलेल्या वाटेवरूनच. एका फुलासाठी पोटावर झोपताना खाली दहा फुलं गेलेली असतात.

एस (कॅननवर टीव्ही), म्हणजे शटर प्रायॉरिटी, हा सणांचा मोड. शटर आपण द्यायचं, बाकीचं कॅमेरा शोधतो. ढोल-ताशा पथकाकडे बघा. १/१००० ठेवलं तर टिपरू हवेत गोठतं, ढोलाच्या पानावरची धूळ उडालेली दिसते, ताशाच्या काड्या सुट्या मोजता येतात. फोटो स्वच्छ येतो, पण आवाज जातो. वादक हात वर करून पोझ देऊन उभा असावा तसं दिसतं. १/६० ठेवलं तर चेहरा स्थिर आणि मनगटाच्या पुढे सगळा फराटा. तिथे ठेका ऐकू येतो. १/१५ला वादकच विरघळतो, फक्त मागचा ध्वज कळतो. १/६० ते १/१२५ या टप्प्यात दहातले तीन फोटो लागले तरी खूप झाले. ठोका पडण्याच्या क्षणी धड थांबतं आणि हात फिरत असतो, तो क्षण दोन-चार आवर्तनं ऐकल्यावर ओळखू येतो. पुण्यात गणपतीच्या आधी नदीपात्रात पथकांचे सराव चालतात. शटरचे आकडे समजून घ्यायला ती जागा मिरवणुकीपेक्षा कितीतरी बरी, धक्काबुक्की नाही आणि तोच ठेका तासभर चालू.

मिरवणुकीत या मोडचा दगा कळतो. ए मोड मुका होता, हा निदान डोळा मिचकावतो. आपण १/५०० मागितलं, कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या किट लेन्सचं अ‍ॅपर्चर झूम केल्यावर एफ/५.६च्या पुढे उघडत नाही, आणि उजेड तेवढा नाही. कॅमेरा काय करणार? अ‍ॅपर्चरचा आकडा लुकलुकतो, म्हणजे ‘माझ्याकडचं संपलं’, आणि बटण दाबलंत तर तो अंडर, म्हणजे हवा त्यापेक्षा काळा, फोटो काढून देतो. रात्रीच्या रोषणाईत चेहऱ्यांवरचा उजेड ६च्या आसपास धरा. १/५०० आणि एफ/५.६ मिळून १४. आठ पायऱ्यांची तूट. आयएसओ १००चा २५,६०० करावा लागेल. १/१२५वर समाधान मानलं तर ६४००. आणि लेन्स बदलून साधी ५० मिमी एफ/१.८ लावली तर त्याच १/१२५ला सुमारे ६४०. मोड बदलून जे मिळत नाही ते कधीकधी सर्वांत स्वस्त लेन्स देते.

एसमध्ये फोटो काळा येतोय म्हणून लोक एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ-गडद करायचा आकडा, प्लस करतात आणि काहीच फरक पडत नाही अशी तक्रार करतात. ते बटण स्वतः काही उजळत नाही, ते कॅमेऱ्याकडे सोपवलेल्या गोष्टीला धक्का देतं. ए मोडमध्ये शटरला, एस मोडमध्ये अ‍ॅपर्चरला. अ‍ॅपर्चर आधीच पूर्ण उघडं असेल तर धक्का द्यायला जागाच नाही. ऑटो आयएसओ चालू असेल तर तो भार उचलतो.

जेजुरीला सोमवती अमावास्येचा भंडारा उधळला जातो तेव्हा १/१०००ला हळदीचा कण न् कण सुटा दिसतो, १/३०ला पिवळं धुकं होतं. दोन्ही खरे, आपलं आपण ठरवावं. मात्र १/१०००ला अ‍ॅपर्चर फार उघडं जाणार नाही याकडे लक्ष हवं, कारण एफ/२.८ला फोकस पुढच्या उडत्या हळदीवर बसतो आणि माणसं मागे राहतात. आयएसओ वाढवून अ‍ॅपर्चर एफ/८पर्यंत आणलेलं बरं. पिवळा रंग कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला उजळ वाटतो, म्हणून फोटो थोडा मळका येतो. १/३ ते २/३ प्लस लागतं. पण प्लस करताना रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाच्या वाटपाचा आलेख, बघावा, हळदीत लाल रंगाची रेघ सगळ्यांत आधी उजव्या भिंतीला टेकते आणि पिवळ्याचे बारकावे सपाट होतात. तिथे लेन्स बदलू नये हे सांगायला नको. घरी आल्यावर काचेवर आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, कापड सगळ्यात शेवटी.

पॅनिंग, म्हणजे धावत्या गोष्टीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो घेणं, तेही एसवरच. वारीतल्या गोल रिंगणात माऊलींचा अश्व दौडतो. वर्तुळाच्या आत जागा मिळाली तर घोडा आपल्यापासून साधारण सारख्याच अंतरावर राहतो आणि कॅमेरा एका गतीनं फिरवता येतो. बाहेरून तो दुरून येतो, अंगावर आल्यासारखा मोठा होतो आणि निघून जातो. फोकस आणि गती दोन्ही सांभाळावी लागतात. १/६०पासून सुरुवात, फोकस कंटिन्युअसवर, पाय घट्ट आणि वळायचं कमरेतून. बटण दाबल्यावरही कॅमेरा फिरवत राहायचा. बहुतेकांचा हात तिथेच थांबतो आणि फोटो तिथेच हलतो. टेलि लेन्सवर पॅनिंगसाठी स्टॅबिलायझरचा वेगळा मोड असेल तर तो लावावा, कॅननच्या लेन्सवर तो २ असतो. आषाढातलं ढगाळ आभाळ इथे फायद्याचं: उजेड १२, शटरचे ६ गेले, अ‍ॅपर्चर एफ/८. ऊन पडलं तर १५मधून ६ गेले आणि कॅमेरा एफ/२२वर जातो. डिफ्रॅक्शन तर आहेच, वर सेन्सरवरची प्रत्येक धूळ आकाशात ठिपका होऊन दिसते. उजेड अडवणारा एनडी ८ फिल्टर चढवला की तीन पायऱ्या उतरून पुन्हा एफ/८.

वारीतच कॉम्पेन्सेशनचा दुसरा धडा आहे. मीटरला समोर काय आहे ते कळत नाही, तो सरासरी करड्याच्या हिशेबानं मोजतो. फ्रेमभर पांढरे सदरे, धोतरं आणि टोप्या आल्या की तो त्यांना करडं करायला बघतो. २/३ ते १ प्लस. उलट ओल्या काळ्या कातळाची भिंत, म्हशींचा कळप, काळ्या पाषाणाचं देऊळ असेल तर तेवढंच मायनस, नाहीतर काळ्याचं राखाडी होतं. पांढरं जळतंय का ते बघायला हायलाइट अलर्ट चालू ठेवावा; जळलेला भाग पडद्यावर काळा-पांढरा लुकलुकतो. टोपीचा एखादा ठिपका लुकलुकला तर चालतं. अख्खी दिंडी लुकलुकायला लागली तर प्लस जास्त झालं.

ट्यूबलाइट आणि जुन्या पाऱ्याच्या दिव्यांच्या हॉलमध्ये शटरचा आकडा वेगळ्याच कारणानं आपल्याकडे ठेवावा लागतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हे दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. १/५००ला सलग पाच फोटो काढले तर एक उजळ, एक मळका, एक पिवळट, एकात अर्ध्या फ्रेमवर सावली. दोष कॅमेऱ्याचा वाटतो. १/१०० किंवा १/५० ठेवलं की प्रत्येक फोटोत पूर्ण आवर्तन येतं आणि सगळे सारखे होतात. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तेव्हा तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या हॉलमध्ये १/१२५ किंवा १/६०. एलईडीच्या भिंतींची गोष्ट वेगळी, त्यांची लुकलुक कितीतरी जलद असते आणि सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर आडवे पट्टे उमटतात. तिथे मेकॅनिकल शटरवर परतावं.

आता एम, म्हणजे मॅन्युअल: सगळे आकडे आपल्याकडे. त्याचा दरारा वाटतो तेवढा नाही. उजेड स्थिर आणि फ्रेममधल्या गोष्टी बदलत्या असतील तर एम हा सगळ्यांत आळशी मोड आहे, एकदा लावा आणि विसरा. नाटकाचं बघा. काळा पडदा, एका चेहऱ्यावर स्पॉट. ए मोड काळा पडदा मोजतो, फोटो उजळवतो आणि नटाचं कपाळ जळतं. पुढच्याच क्षणी पांढऱ्या साडीतली नटी येते आणि सगळं मळकं होतं. उजेड मात्र तेवढाच असतो. आयएसओ १६००, एफ/२.८, १/१६०पासून सुरू करून चेहऱ्यावरची ठळक जागा जळत नाही इतपत जुळवलं, की तो प्रवेश संपेपर्यंत चकतीकडे बघायचं काम नाही. प्रकाशयोजना बदलली की पुन्हा एकदा. ऑटोफोकसचा मदतीचा दिवा आधी बंद करावा, पहिल्या रांगेतून नटाच्या डोळ्यांवर तो लाल झोत फार अपमानास्पद दिसतो.

कोजागिरीचा चंद्रही एमचाच. काळ्या आभाळात मीटर गोंधळतो आणि चंद्राची पांढरी टिकली करून देतो. चंद्र म्हणजे उन्हात पडलेला खडक, त्याला दिवसाचे आकडे लागतात: आयएसओ १००, एफ/८, १/२००च्या आसपास. त्याच फ्रेममध्ये गच्चीवरची मंडळी आणि दुधाचं पातेलंही हवं असेल तर एका फोटोत ते जमत नाही, उजेडात हजारोपट फरक आहे.

पक्ष्यांसाठी एम आणि ऑटो आयएसओ ही जोडी. ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगोंचा थवा उठला की उडतीला १/२००० हवं, लेन्सच्या धारेसाठी एफ/८ हवं, दोन्हीत तडजोड नाही. तेव्हा आयएसओ कॅमेऱ्याकडे. नाव मॅन्युअल असलं तरी हा एक स्वयंचलित मोडच झाला. पेंटॅक्सनं २००६च्या के१०डीमध्ये त्याला टीएव्ही असं स्वतंत्र अक्षर दिलं, ते मला जास्त प्रामाणिक वाटतं. फुजीफिल्मच्या अनेक कॅमेऱ्यांवर तर मोडची चकतीच नसते. लेन्सवरची कडी आणि शटरची चकती, दोन्हींवर एक ए. दोन्ही एवर असतील तर प्रोग्रॅम, एकच असेल तर प्रायॉरिटी, एकही नसेल तर मॅन्युअल. वाटणी उघड्यावर मांडलेली.

पावसाळ्यातल्या धबधब्याला ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ/११ आणि ढगाळ उजेडात येणारं शटर १/३०. पाणी अजून तुटक दिसतं. १/२ सेकंदाला ते रेशमासारखं वाहतं, त्यासाठी चार पायऱ्यांचा एनडी १६. फार वेळ उघडं ठेवलं तर पाण्याचा नुसता पांढरा गोळा होतो, १/४ ते १ सेकंदात धारा शाबूत राहतात. दोन सेकंदांचा टायमर लावावा, बोटाचा धक्का जातो. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझर बंद. डीएसएलआर असेल तर अजून एक काळजी: डोळा व्ह्यूफाइंडरला लावलेला नसताना त्यातून मागचा उजेड आत शिरतो, मीटर फसतो आणि फोटो अंडर जातो. अनेक जुन्या कॅननच्या पट्ट्याला अडकवलेला तो रबराचा चौकोनी तुकडा यासाठी होता. मिररलेसला ही भानगड नाही.

पी, म्हणजे प्रोग्रॅम, हा सगळ्यांत टवाळी झालेला मोड, उगाचच. त्यात मागची चकती फिरवली की कॅमेऱ्यानं निवडलेली जोडी बदलते, बेरीज तीच राहते: एफ/५.६ आणि १/२५०चं एफ/८ आणि १/१२५. बाजारात, प्रवासात, कोण कुठून समोर येईल सांगता येत नाही तेव्हा पी चांगलाच. चित्रांच्या मोडबद्दल इतकंच की तेही याच तिघांच्या ठरावीक जोड्या आहेत, धावणारा माणूस म्हणजे जलद शटर आणि सलग फोटो. पण बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांत तिथे कॉम्पेन्सेशन चालत नाही आणि अंधारात फ्लॅश विचारल्याशिवाय टपकन उघडतो. मंदिरात तो उघडला की मग सगळे आपल्याकडे बघतात.

चकतीवरच्या सी१, सी२ किंवा यू१, यू२ या घरांत आपली जोडी साठवून ठेवता येते, समजा सी१ला पक्षी आणि सी२ला नाटक. साठवलेल्या मोडमध्ये जागेवर केलेले बदल कॅमेरा झोपला की पुसले जातात, हे माहीत नसलं तर जुळवलेला आयएसओ मध्येच परत जुन्यावर जातो आणि कारण सापडत नाही. सेटिंग टिकवायची तर पुन्हा नोंदवावी लागते.

काम संपल्यावर कॅमेरा बॅगेत टाकताना तो असा असावा: चकती एवर, अ‍ॅपर्चर ५.६, आयएसओ ऑटोवर, मिनिमम शटर १/२५०, कॉम्पेन्सेशन शून्य, फोकस ऑटोवर. कॉम्पेन्सेशनचं शून्य सगळ्यांत जास्त विसरतं. बहुतेक कॅमेऱ्यांत ते बंद करून चालू केल्यावरही तसंच राहतं, आणि काल काळ्या पाषाणाच्या देवळासाठी केलेलं मायनस १ आज बारशाला येतं. चकतीच्या मधोमध दाबायची कळ नसेल तर बॅगेच्या अस्तराला घासून ती एखादं घर सरकतेही. ए आणि एस शेजारीशेजारी असतात.